गिरमिट ते परमिट : परदेशी नोकरीच्या कागदाची गोष्ट

आमच्या हळर्णहून परदेशी जाणारे पहिले कोण, असे कुणी विचारले तर आम्ही सांगतो, गावाचे नाव! १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांकडून नदीकाठचा हळर्णचा किल्ला घेतला. पुढे पोर्तुगालच्या राजाने त्या पराक्रमाबद्दल त्याला ‘मार्क्विस ऑफ अलोर्ना’ असा किताब दिला. अलोर्ना म्हणजे आमचे हळर्ण. पेडणे तालुक्यातल्या एका आडगावाचे नाव लिस्बनच्या दरबारात जाऊन बसले, त्याला ना पासपोर्ट लागला ना एजंट. गावच्या माणसाला मात्र परदेशी जायचे तर आधी कागद लागतो. त्या कागदावर त्याचे नाव असतेच. पण त्याच्या नावाहून वजनदार असे दुसरे एक नाव असते. ते असते मालकाचे.

गेल्या चवथीच्या आधी वाड्यावरचा एक मुलगा संध्याकाळी घरी आला. हातात प्लास्टिकची फाइल. “काका, हें मातशें वाचून पळयात,” म्हणाला. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या खात्यात नोकरी करतो. त्यामुळे गावात कुणालाही कागद आला की तो फिरत फिरत आमच्या ओट्यावर येतो. त्या फाइलमध्ये आखातातल्या एका कंपनीचे ऑफर लेटर होते, व्हिसाची प्रत होती आणि एजंटाने मागितलेल्या पैशांचा हिशेब होता. मुलाचा प्रश्न एकच होता, “कागद बरोबर आसा मगो?”

माटोळी बांधता बांधता त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. कारण हा प्रश्न आजचा नाही. मराठी माणूस गेली पावणेदोनशे वर्षे हाच प्रश्न विचारत परदेशी जात आला आहे. आपल्या मंडळाच्या वाचकांत असे घर विरळाच, ज्यातला एखादा मुलगा, जावई किंवा भाचा बाहेर नाही. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला आहे. मालकाच्या नावावर निघणारा हा परवाना आला कुठून, तो बदलला कसा आणि त्यातून आपण काय शिकायचे, एवढेच सांगायचे आहे.

गिरमिटाचे दिवस

ब्रिटिश साम्राज्यात १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसे कमी पडू लागली. मॉरिशसच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. थोड्याच वर्षांत मुंबई बंदरातूनही जहाजे सुटू लागली आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणातले मराठी लोक चढले. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

ही माणसे ‘ॲग्रीमेंट’ करून जात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यारही. आत शिरताना ते हळूहळू फिरते. लाकडाला कळते तेव्हा आरपार झालेले असते. कागदाचे गिरमिटही तसेच होते. साधारण पाच वर्षांची मुदत, पुरुषाला महिना पाच रुपयांच्या आसपास पगार आणि शिधा. ऐकायला ठीक. पण करार एका मळेवाल्याशी बांधलेला. तो पसंत नाही म्हणून दुसऱ्याकडे जायची सोय नाही. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायचा, ही तिथली रीत. तिला ‘डबल कट’ म्हणत. परवानगीशिवाय मळा सोडला तर तो गुन्हा आणि त्याला तुरुंग.

मुदत संपल्यावर तरी सुटका? तीही अर्धीच. १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगणे सक्तीचे झाले. पास घरी राहिला, हरवला, किंवा जिल्हा ओलांडताना त्यावर नोंद नसली की भटक्या म्हणून पोलीस पकडत. माणूस कुणाकडे कामाला आहे, हे सांगणारा फोटोचा कागद खिशात नसेल तर माणूसच गुन्हेगार. आजच्या ओळखपत्राचे मूळ शोधायला फार लांब जायला नको.

पण मॉरिशसच्या या माणसांनी केवळ सोसले नाही. १८७१ मध्ये अॅडॉल्फ द प्लेव्हित्झ या युरोपियन मळेवाल्याच्या मदतीने जुन्या मजुरांनी एक अर्ज गव्हर्नरला दिला. त्यावर नऊ हजारांहून जास्त जणांच्या सह्या नि अंगठे होते. मळेवाले खवळले, प्लेव्हित्झवर भर रस्त्यात हल्ला झाला. तरी अर्ज दाबता आला नाही. १८७२ मध्ये विलायत सरकारने रॉयल कमिशन नेमले आणि या पासांच्या जुलमाची सरकारी कागदावर नोंद झाली. साऱ्या साम्राज्यात गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली.

याच मराठी लोकांनी तिथे गणपती नेला. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. आपण इथे आरती म्हणत असताना, ज्यांचे खापरपणजोबा पाच रुपयांच्या करारावर गेले तेही मूर्ती विसर्जनाला समुद्रावर नेत असतात.

आम्ही पेडणेकर कुठे होतो?

पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले गिरमिटाचे कायदे आम्हाला लागू नव्हते; पण पोटाला भूक लागू होतीच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगावची रेल्वे झाली, गोव्याचे मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि गोंयकाराची बाहेरची वाट रुंद झाली. जुन्या काबिजादीतले गोंयकार कारकून, आचारी, शिंपी, वाजंत्री होऊन मुंबईला, तिथून जहाजांवर आणि पूर्व आफ्रिकेत गेले. आमच्या पेडणे-डिचोलीकडचे लोक बहुधा मुंबईलाच थांबले. सावंतवाडी, बेळगाव, मुंबई हीच आमची विलायत. तिकडे जायला कुणाचा परवाना नको. गाववाल्याच्या खोलीत पथारी पसरायला जागा मिळाली की झाले. गाववाला हाच हमीदार, त्याचा शब्द हाच व्हिसा.

हे चित्र बदलले १९५४-५५ साली. भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात आमच्याच तालुक्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सीमा बंद झाली, रेल्वे थांबली आणि मुंबईला जायलाही परवाना लागू लागला. मुंबईत कामाला असलेला मुलगा आणि पेडण्यातली आई यांच्यामध्ये पहिल्यांदा कागद उभा राहिला. ज्या म्हाताऱ्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या तोंडी ‘परमीट’ हा शब्द आम्ही लहानपणी ऐकला आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मुंबईचा रस्ता पुन्हा मोकळा झाला. पण तोवर दुसऱ्या एका दिशेने हाक येऊ लागली होती.

तेल आणि कफील

इराणमधल्या आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. बहारीनला १९३२ मध्ये तेल लागले, कुवेतला १९३८ मध्ये. या कंपन्या इंग्रजी जाणणारे कारकून आणि कसबी कामगार मुंबईतून नेत. त्यांत गोंयकार होते. तेव्हा १९२२ चा उत्प्रवास कायदा चालू होता. गिरमिटाची बदनामी ताजी असल्याने त्यात एक शहाणपणाची अट होती. कसबी कामासाठी माणसे परदेशी नेणाऱ्याने आधी सरकारकडे अर्ज करायचा आणि कराराच्या अटी दाखवायच्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही अर्जदार कामगार नव्हता, नेणारा होता.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात रस्ते, बंदरे, इस्पितळे, हॉटेले एकदम उभी राहू लागली. त्या लाटेत गोव्यातली गावेच्या गावे हलली. पूर्वी ‘तारवार’ जाणाऱ्याचा मान होता, तो आता ‘गल्फात’ असणाऱ्याला मिळू लागला.

तिथली पद्धत ‘कफाला’. कफील म्हणजे जामीनदार. आपल्याकडे परगावच्या माणसाला खोली देताना ‘ओळखीचा कोण?’ असे विचारतात, तशीच ही मुळात साधी गोष्ट. परक्या माणसाची जबाबदारी स्थानिकाने घ्यायची. काही इतिहासकार दाखवतात, की या रिवाजाला सरकारी कायद्याचे रूप येण्यात आखातातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचाही हात होता. रूप कायद्याचे आले आणि जामीनदाराचा झाला धनी. व्हिसा त्याच्या नावावर, राहण्याचे कार्ड त्याच्या सहीने, नोकरी बदलायची तर त्याचे ना-हरकत पत्र, काही देशांत तर घरी यायलाही त्याची परवानगी. पासपोर्ट बहुधा त्याच्या कपाटात. काम सोडून गेला तर ‘फरार’ म्हणून नोंद. वाचकहो, मॉरिशसचा पास आठवला ना?

अर्ज नेमका कुणाचा?

‘आम्ही व्हिसाला अर्ज केला’ असे आपण म्हणतो. खरे पाहता मालकाने बोलावलेल्या नोकरीत पहिला अर्ज मालकाचा असतो. तो आपल्या देशाच्या कामगार खात्याकडे सांगतो, मला इतके गवंडी, इतके ड्रायव्हर, इतके सुपरवायझर हवेत. मंजुरी मिळाली की तो भारतातल्या नोंदणीकृत भरती एजंटाला मागणीपत्र आणि मुखत्यारपत्र पाठवतो. मग मुलाखत, वैद्यकीय तपासणी, करार, व्हिसा. तिथे उतरल्यावर पुन्हा तपासणी, बोटांचे ठसे आणि मग राहण्याचे कार्ड. सौदीत त्याला इकामा म्हणतात, ओमानमध्ये बताका. या साखळीत आपल्या मुलाची सही फार उशिरा येते. तोपर्यंत त्याचा हुद्दा, पगार, मुदत हे सारे कुणीतरी लिहून मोकळे झालेले असते.

आपल्या सरकारनेही १९२२ चा कायदा जाऊन १९८३ चा उत्प्रवास कायदा केला. त्यात भरती एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. एजंटाने उमेदवाराकडून किती घ्यावे याला मर्यादा आहे. ती आज ३०,००० रुपये अधिक कर अशी आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते, म्हणजे १८ ठराविक देशांत कामाला जाण्याआधी त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते.  हल्ली हे काम ‘ई-मायग्रेट’ या संगणक प्रणालीवर होते. परदेशी मालकालाही तिथे नोंद करावी लागते. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचे संरक्षण.

आता यातली गोम पाहा. दहावी पास मुलाला या मंजुरीची गरज नाही. आपल्याला वाटते, शिकलेल्याला सवलत मिळाली. पण मंजुरी नाही याचा अर्थ त्याचा करार कुठल्याही सरकारी टेबलावर तपासला जात नाही. चौथी शिकलेल्या गवंड्याचा कागद निदान एक अधिकारी तरी वाचतो. डिप्लोमावाल्याचा कागद त्याने स्वतः वाचला तरच वाचला. फसवणुकीची भीती अडाण्यालाच, हा आपला समज इथे उलटा पडतो. हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही.

दोन मित्रांची गोष्ट

२००४ सालची गोष्ट. डिप्लोमा होऊन आम्हाला चार वर्षे झाली होती. कंत्राटदारांकडे तीन-साडेतीन हजारांवर राबत होतो. आम्ही आणि वर्गातला एक मित्र, दोघांनी मुंबईतल्या एका एजंटाकडे मुलाखत दिली. पद साइट सुपरवायझर. करार इंग्रजीत, दोन पाने, पगार इथल्यापेक्षा सहापट. दोघांची निवड झाली. एजंटाने मागितलेली पहिली रक्कम भरण्यासाठी आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. ती काही बोलली नाही. फक्त हात पदराखाली घेतला. कोकण रेल्वेने पेडण्याला उतरून घरी येईपर्यंत आम्ही मनात बंगला बांधून झालो होतो.

दोन आठवड्यांनी व्हिसाची प्रत आली. ती अरबीत. आमच्या वडिलांचे शिक्षण जेमतेम, पण त्यांनी एक प्रश्न केला, “ह्यात काय लिहिलां हा, तुका कळता?” आम्हाला कळत नव्हते. म्हापशाला वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ होते, तीस वर्षे मस्कतला काढून परतलेले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोट एका शब्दावर ठेवले आणि म्हणाले, “बाबा, इथे सुपरवायझर नाही. इथे आमिल लिहिले आहे. आमिल म्हणजे मजूर.”

आम्ही म्हटले, पण करारात तर सुपरवायझर आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, “करार तुझ्या आणि एजंटाच्या मध्ये. व्हिसा तुझ्या आणि सरकारच्या मध्ये. तिथे उतरल्यावर तू जे व्हिसावर आहेस तेच आहेस.”

आम्ही मागे फिरलो. भरलेल्या पैशांतले निम्मेही हाती लागले नाहीत. पाटल्या काही परत आल्या नाहीत. आई गेली तोवर तिच्या हातात काचेच्या बांगड्याच होत्या. मित्राने मात्र ऐकले नाही. त्याच्यावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते आणि एजंटाने फोनवर ‘तिथे गेल्यावर बदलून मिळते’ असे सांगितले होते. तो गेला. काम त्याने सुपरवायझरचेच केले, पण पगार मजुराच्या तक्त्यातला मिळाला. तक्रार करायला गेला तर त्याच्यासमोर त्याचाच व्हिसा ठेवला गेला. पासपोर्ट मालकाकडे, दुसरी नोकरी धरायची तर मालकाचे पत्र हवे. मुदत संपेपर्यंत त्याने काढले आणि परतला तेव्हा कर्ज जवळजवळ तेवढेच होते. आज तो गावात छोटी कंत्राटे घेतो. आम्ही दोघे चवथीला एकमेकांच्या घरी आरतीला जातो. त्या दोन वर्षांवर बोलत नाही. हा लेख लिहायच्या आधी त्याला विचारले. म्हणाला, “लिही. नाव घालू नकोस.”

आम्ही शहाणे आणि तो खुळा, असे यातून कुणी काढू नये. आमच्या वडिलांना म्हापशाचे म्हातारे माहीत होते, एवढाच काय तो फरक. कागद वाचणारा माणूस वेळेवर भेटला, नाहीतर आम्हीही त्याच विमानात होतो.

कपाटातला पासपोर्ट

पासपोर्ट स्वतःजवळ असण्याचे मोल साऱ्या देशाला १९९० मध्ये कळले. २ ऑगस्टला इराकने कुवेत गिळले. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते, त्यांत गोव्याची कितीतरी कुटुंबे. ज्यांचे मालक आधीच पळाले होते, त्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात, बँका बंद, पगार बुडालेला. वाळवंटातून बसने जॉर्डनच्या अम्मानला पोचायचे आणि तिथून विमान. त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या सामान्य कामगारालाही ठरावीक रक्कम मिळाली. भारत सरकारने आपल्या लोकांचे दावे एकत्र करून पाठवले. अशा दाव्याला पुरावा लागतो. तिथे राहत होतो, अमुक ठिकाणी नोकरीत होतो, हे दाखवायचे कसे? ज्याने व्हिसाची, कराराची, कार्डाची झेरॉक्स गावी घरी ठेवली होती, त्याचे काम सोपे झाले. एक झेरॉक्स त्या काळी रुपयाच्या आत निघे.

गाठ सैल होते आहे

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही गाठ सैल होऊ लागली, हेही सांगितले पाहिजे. बहारीनने २००९ मध्ये सुरुवात केली. कतारने डिसेंबर २०१६ पासून नवा कायदा लागू केला, २०१८ मध्ये बहुतेक कामगारांची देश सोडण्याच्या परवानगीची अट काढली आणि २०२० मध्ये नोकरी बदलताना लागणारे ना-हरकत पत्र काढले. फुटबॉलच्या विश्वचषकामुळे जगाचे डोळे तिथे लागले होते, त्याचा उपयोग झाला. ओमानने १ जानेवारी २०२१ पासून मुदत संपल्यावर लागणारे ना-हरकत पत्र रद्द केले, सौदीने त्याच वर्षी मार्चमध्ये नियम सैल केले. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२२ मध्ये लागू झालेल्या कायद्यात मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेऊ नये आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करू नये, असे स्पष्ट आहे. घरकाम करणाऱ्या बाया-पुरुषांना मात्र यातले बरेचसे नियम लागू नाहीत. कायदा बदलला तरी राहण्याचा परवाना अजून नोकरीलाच बांधलेला आहे.

आणि हे फक्त आखाताचे आहे असे समजू नये. अमेरिकेच्या ज्या एच-वन-बी व्हिसावर आपल्या मंडळातली कितीतरी मुले गेली, त्याचाही अर्जदार कंपनी असते. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर परतायचे. इंग्लंडच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला परवानाधारक मालकाचे प्रायोजन प्रमाणपत्र लागते. फरक एवढाच, की तिथे एक कंपनी सोडून दुसरीकडे जाता येते आणि परवानाधारक मालकांची यादी सरकारने सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवली आहे. वातानुकूलित कार्यालयातला इंजिनिअर आणि उन्हातला गवंडी, दोघांच्या परवान्यावर मालकाचे नाव आहे. पगाराच्या आकड्यामुळे एकाला ते दिसत नाही.

गोंयकारांकडे एक वेगळी वाट होती. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते. त्या पासपोर्टवर युरोपात कुठेही, विशेषतः इंग्लंडला, मालकाच्या बोलावण्याशिवाय कामाला जाता येई. पेडणे-डिचोलीचेही बरेच जण गेले. त्याची किंमत म्हणजे भारतीय नागरिकत्व सोडायचे. पण इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर ती वाट इंग्लंडपुरती बंद झाली. आज पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन नव्याने इंग्लंडला कामाला जायचे तर बोलावणारा मालकच शोधावा लागतो. फिरून पुन्हा त्याच ओट्यावर.

सहीच्या आधी

त्या मुलाच्या फाइलकडे परत येऊ. आम्ही त्याला बसवून एकेक कागद पाहिला. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर आहे का? व्हिसावरचा हुद्दा आणि करारावरचा हुद्दा एकच आहे का? अरबी मजकूर एजंटाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणी वाचला आहे का? पगारात जेवण-राहणे धरले आहे की वेगळे? मुदतीआधी सोडले तर काय, आणि परतीचे तिकीट कुणाचे? दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आहे का? ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बदलू’ असे कुणी सांगितले आहे का? सांगितले असेल तर उठून यायचे. मंजुरी लागत नसली तरी ई-मायग्रेटवर नोंद आणि विमा करता येतो, तो करायचा. आणि सगळ्याची एक प्रत घरी, आईजवळ.

त्याच्या कागदांत दोन गोष्टी जुळत नव्हत्या. त्याने एजंटाला विचारायचे ठरवले. उत्तर येईपर्यंत पुढचे पैसे भरायचे नाहीत, असेही ठरले. निघताना म्हणाला, “काका, इतके विचारले आणि त्यांनी दुसऱ्याला घेतले तर?” या प्रश्नाला आमच्याकडे सोपे उत्तर नव्हते. आता विमानतळच आमच्या तालुक्यात, मोपाला आला आहे. अंगणात उभे राहिले की विमान डोक्यावरून जाते. पोरांना थांबा म्हणून सांगणे म्हणजे नदीला थांब म्हणण्यासारखे आहे, आणि थांबून इथे त्यांच्या हाती काय द्यायचे, हेही आम्हा सरकारी नोकरांनी स्वतःला विचारायला हवे. आम्ही एवढेच म्हटले, “प्रश्न विचारला म्हणून जो नाकारतो, त्याच्याकडे पोचल्यावर तुझे ऐकणार कोण?”

मॉरिशसच्या नऊ हजार अंगठ्यांनी जे केले तेच पुढेही होत आले. कागद मालकाच्या बाजूने झुकलेला असतो. ज्यांच्यावर तो लागू होतो ती माणसे तो वाचू लागली, त्यावर बोलू लागली, की तो थोडा थोडा सरळ होतो. आपल्या मंडळात आखातातून, अमेरिकेतून, आफ्रिकेतून परतलेली अनुभवी मंडळी आहेत. उत्सवाच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ त्यांनी मंडपात बसावे आणि ज्याला जायचे आहे त्याचे कागद वाचून द्यावेत, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. म्हापशाचे म्हातारे प्रत्येकाच्या वडिलांच्या ओळखीचे नसतात.

शेवटी, ज्याचा हा उत्सव त्याची गोष्ट. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे ठरले. गणपतीने अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. बुद्धीच्या देवतेनेसुद्धा ती अट मान्य केली. आपल्या मुलांनी सही करताना तेवढी एक अट पाळावी, हीच या वर्षी बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!